ऑनलाईन रियाजात सम हुकत होती, शेवटी जमलं

मी कोल्हापुरात राजारामपुरीत पेटी घेऊन, तबलजी मित्र पुण्यात. व्हिडिओ कॉलवर तीनतालाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, काय जुळेना राव, मी त्याच्यासाठी थांबायचो तो माझ्यासाठी, लय बैलगाडीसारखी. वर तानपुरा गायब, कारण कॉलचं ॲप सलग आवाजाला पंख्याची घरघर समजून कापतं.

मग कळलं की साधारण २५-३० मिलिसेकंदाच्या पुढं उशीर गेला की एकत्र वाजवणं अवघड, आणि व्हिडिओ कॉल त्याच्या कितीतरी पुढं. इटलीत ट्रिएस्टच्या तार्तिनी संगीत महाविद्यालयानं लांबलांबच्या कलाकारांसाठी लोला नावाची सिस्टीम काढलीय, पण तिला भारी नेटवर्क लागतंय, आपल्याला कुठलं.

मी जॅम्युलस हे नेटवरून एकत्र वाजवायचं फुकटातलं सॉफ्टवेअर घेतलं, वायफाय सोडून राउटरला लॅन केबल, ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवून वायरचा, बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी साठवून पुढं पाठवतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर (४८ किलोहर्ट्झला हे जेमतेम २.७ मिलिसेकंद) आणि मुंबईतला सर्व्हर. व्हिडिओ बंदच. मध्यलयीपर्यंत आता झकास जमतंय! द्रुतला अजून घसरतो, पण त्यात निम्मा दोष माझ्या बोटांचाच.

शिकवताना मात्र उशीर चालतो, मी गातो मग विद्यार्थी गातो, तिथं साधा कॉल ठेवून फक्त ‘ओरिजिनल साउंड’ ही आवाज न कापायची सेटिंग चालू करतो.