नागपूरहून मनालीला: जुन्या टायरवर बर्फात गाडी
नागपूरच्या उन्हात कडक झालेलं रबर ७ अंशांखाली आणखी निबर होतं. नक्षी शाबूत दिसली तरी बर्फावर टायर घसरतो. निघण्याआधी टायरच्या बाजूचा चार आकडी कोड वाचा: ‘२३१९’ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नक्षीची खोली ४ मिमीपेक्षा कमी असेल तर टायर बदलाच, कायद्याचे १.६ मिमी तिथे कामाचे नाहीत.

हवा मनालीत पोचल्यावर, पहाटे, टायर थंड असताना तपासा. तापमान ५-६ अंश घसरलं की हवा साधारण १ पीएसआय (दाबाचं एकक) उतरते. मुद्दाम कमी करू नका, ती युक्ती वाळूची.

बर्फात पकड यावी म्हणून टायरवर चढवायची साखळी टायरच्या मापाचीच घ्या. इंजिन फिरवतं त्या चाकांना लावा; बहुतेक लहान गाड्यांत पुढची. शंभरेक मीटरवर थांबून पुन्हा आवळा, नाहीतर सैल कडी ब्रेकचा पाइप तोडू शकते. वेग ४०च्या आत. डांबर लागलं की लगेच काढा.