नाटक की नोकरी: निर्णय कसा घ्यावा

पदवीचे शेवटचे वर्ष सरत आले की एकांकिका स्पर्धा गाजवलेल्या मुलामुलींपुढे प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे पूर्णवेळ नाटकात उतरायचे की आधी नोकरी धरायची. माझ्या मते हा प्रश्न थोडा बदलून घ्यावा आणि कोणती नोकरी तालमीसाठी संध्याकाळ मोकळी ठेवील व ती कोणत्या अटीवर सोडता येईल, याचा शोध घ्यावा.

त्याआधी आवडीची परीक्षा घ्यावी. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेत मिळालेले बक्षीस मोलाचे असले तरी ते पुरेसा पुरावा नव्हे, कारण स्पर्धेत अनेक आठवड्यांच्या तालमीनंतर मोजकेच प्रयोग होतात, तर व्यावसायिक नाटकात तेच वाक्य शंभराव्या प्रयोगालाही ताजेपणाने म्हणावे लागते आणि दौऱ्यावर रात्रभर बसमध्ये काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहावे लागते. म्हणून एखाद्या संस्थेत किमान सहा महिने मिळेल ते काम करावे. नेपथ्य लावणे, प्रॉपर्टी म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू सांभाळणे, प्रॉम्प्टिंग म्हणजे नटाला विसरलेले वाक्य आडून सुचवणे, हेही त्यात आले. टाळ्या नसलेल्या त्या दिवसांतही तालमीला जावेसे वाटले, तर ती आवड भरवशाची समजावी.

मग हिशेब मांडावा. नटाला मानधन प्रयोगागणिक मिळते, त्याला ‘नाइट’ म्हणतात. महिन्याचा ठरलेला पगार असा नसतो. समजा, तुमची नाइट १,५०० रुपये आहे, महिन्यात दहा प्रयोग होतात आणि खर्च २५,००० रुपये आहे, तर दरमहा १०,००० रुपये कमी पडतात. परीक्षांच्या दिवसांत आणि पावसाळ्यात प्रयोग रोडावतात, तेव्हा ही तूट वाढते. त्यामुळे वर्षभराचा सगळा खर्च, म्हणजे या उदाहरणात तीन लाख रुपये, बाजूला पडेपर्यंत नोकरी सोडू नये असे मी आग्रहाने सांगेन. घरभाडे, आईवडिलांची औषधे किंवा शिक्षणकर्जाचा हप्ता असेल तर तो या आकड्यात आधीच धरावा.

नोकरी निवडताना पगाराइतकेच तिच्या वेळांकडे पाहावे. रात्रपाळी, वारंवार होणाऱ्या बदल्या आणि सुट्टीच्या दिवशीही येणारे बोलावणे यांमुळे तालीम हमखास मोडते. ठरलेल्या वेळेचे कार्यालय किंवा अध्यापन त्या मानाने सोयीचे ठरते. सरकारी नोकरी घेणार असाल तर वर्तणूक नियम रुजू होण्याआधीच वाचावेत आणि मानधन घेऊन प्रयोग करण्यासाठी परवानगी लागते का, हे लेखी विचारून घ्यावे.

डॉ. श्रीराम लागू यांनी १९६९ मध्ये कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेचा व्यवसाय सोडला, हे धाडसाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितले जाते, पण त्याच्या आधीचा भाग बहुधा गाळला जातो. १९५१ मध्येच भालबा केळकर यांच्यासह त्यांनी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही नाट्यसंस्था सुरू केली होती. मधल्या काळात त्यांनी परदेशी वैद्यकीय प्रशिक्षण घेतले, टांझानियात काम केले, आणि चाळिशी ओलांडलेल्या त्या माणसाच्या हाती तेव्हा पक्का व्यवसाय आणि रंगभूमीचा दीर्घ अनुभव असे दोन्ही होते. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या जीवरसायनशास्त्र विभागात काम करता करता नाटके लिहीत राहिले, तर डॉ. मोहन आगाशे यांनी मनोविकारशास्त्र आणि अभिनय दोन्ही सांभाळले. नोकरी करणाऱ्याची कलेवरची निष्ठा अर्धी असते, हा समज या तिघांकडे पाहिल्यावर मला तरी पटत नाही.

शेवटी घरच्यांशी बोलावे, पण वाद घालण्यासाठी नव्हे. जमा झालेली रक्कम, मागच्या वर्षी झालेल्या प्रयोगांची संख्या आणि पुढची तारीख, हे तिन्ही कागदावर लिहून समोर ठेवावे. ‘दोन वर्षांनी, तीन लाख जमल्यावर आणि महिन्याला दहा प्रयोग मिळू लागल्यावर मी राजीनामा देईन, तसे झाले नाही तर नोकरी चालू ठेवून रात्रीच्या तालमी करीन’ असे वाक्य आईवडिलांना समजते. त्या कागदाची एक प्रत आपल्यापाशी ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी त्यातले आकडे नव्याने भरावेत.