कृष्णाकाठचं पत्रक लिहिताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी आम्ही सांगलीत माई घाटावर ‘कृष्णामाई वाचवा’ असं पत्रक वाटलं. एका काकांनी ते नीट वाचलं आणि विचारलं, “बरोबर आहे, पण मी करायचं काय?” पत्रकात त्याचं उत्तर नव्हतं.

शेरी नाल्याचं सांडपाणी नदीत जातं, हे सांगलीकरांना ठाऊकच आहे. नुसती हळहळ छापू नका. प्रक्रिया महापालिकेने करायची, देखरेख प्रदूषण नियंत्रण मंडळाची; कुणाकडे काय मागायचं आणि कधीपर्यंत, तेवढं ठळक लिहा.

सगळ्यात घातक चूक म्हणजे सगळा दोष एकाच्याच माथी मारणं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि जो तो कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्याच अलमट्टी धरणाकडे बोट दाखवू लागला. पुढे या पुराचा अभ्यास करायला राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने, हा पूर अलमट्टीच्या फुगवट्यामुळे (धरणामागे मागे सरकत तुंबणाऱ्या पाण्यामुळे) आला नाही, असा निष्कर्ष दिला. धरणाची उंची वाढवून पाणीसाठ्याची पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला विरोध जरूर करा. तो प्रश्न आपल्या जिवाचा आहे. पण पत्रक तिथेच संपलं, तर पूररेषेच्या आत भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारती आपोआप निर्दोष सुटतात. आपल्याच गावातल्या माणसाचं नाव घेणं जड जातं, म्हणून ही चूक पुन्हा पुन्हा होते.

प्रत्येक दुखण्यावर वृक्षारोपण हाही उतारा नव्हे. २०१२ पासून जागतिक वारशात असलेलं साताऱ्याचं रानफुलांचं कास पठार हा जांभ्या खडकाचा सडा आहे, वर मातीचा पातळ थर. तिथे झाडं लावली तर सावलीने फुलंच जातील.

आणि ऊसकऱ्याला आरोपी करू नका. ‘ऊस पाणी पितो, पाणी वाचवा’ म्हटलं की तो उठून जातो. त्याला त्याच्याच रानाबद्दल विचारा. वाळवा-मिरज भागात बेसुमार पाण्याने आणि निचरा नसल्याने कितीतरी जमीन क्षारपड झाली आहे. मातीवर पांढरा थर येतो, उगवण विरळ होते. हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तिथून बोलणं सुरू केलं की ठिबक आणि जमिनीखालच्या सच्छिद्र पाइपांचा विषय तोच काढतो. मात्र निचऱ्याचं काम एकट्याच्या बांधापुरतं होत नाही, पाणी पुढे ओढ्यापर्यंत न्यावं लागतं. म्हणून पत्रकावर शिवाराच्या बैठकीची तारीख आणि जागा छापा.