ते १६ तास कुणाचे? पार्ट टाइम जॉइन होणाऱ्यांसाठी

पार्ट टाइम म्हणजे काय, पगार-रजा प्रमाणात कशा बसतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मला सांगायचंय ते एकाच गोष्टीबद्दल, जी मला कुणी सांगितली नव्हती, आणि जिच्यामुळे मी एका चांगल्या माणसाशी जवळजवळ सहा महिने नीट बोललो नाही. आजही आठवलं की पोटात गोळा येतो, म्हणून थोडं जास्त लिहिलं गेलं तर समजून घ्या.

मी अकाउंट्समध्ये होतो. व्हेंडरची बिलं तपासायची, पीओशी (म्हणजे खरेदीच्या ऑर्डरशी) आणि माल मिळाल्याच्या नोंदीशी जुळवायची, पेमेंटला पाठवायची. माझ्या आधी त्या जागेवर फुल टाइम माणूस होता. तो सोडून गेला, मला कोर्स करायचा होता म्हणून मी आठवड्याला २४ तास मागितले, मॅनेजर लगेच हो म्हणाला, आणि मला वाटलं काय भारी मॅनेजर मिळालाय. सोम-मंगळ-बुध ऑफिस, गुरुवार-शुक्रवार क्लास. शेजारच्या टेबलवर फुल टाइम सीनियर होती, आम्ही सगळे तिला ताईच म्हणायचो. जॉइन झालो त्या पहिल्या आठवड्यात सगळी सिस्टिम तिनेच शिकवली, कुठलं बिल कुठे अडकतं, कुठला व्हेंडर फोनवर ओरडतो, सगळं. म्हणजे सुरुवात वाईट नव्हती हे लक्षात ठेवा.

साधारण दीड महिन्यानंतर एका सोमवारी सकाळी कॉमन शीट उघडली तर तीसेक ओळी पिवळ्या. प्रत्येकीपुढे तिची कॉमेंट, "पेंडिंग होतं म्हणून केलं". मी चिडलो, कारण मला ते टोमण्यासारखं वाटलं, सगळ्यांना दिसेल असं मुद्दाम पिवळं करून ठेवलंय. कॉमेंटच्या खाली वेळ पण येते. शुक्रवार, संध्याकाळी ७:५२. ती वेळ मी वाचली आणि पुढे गेलो. वाचून पुढे गेलो, ही माझी पहिली चूक.

मग एका महिनाअखेरीला ती बोललीच, "तुझं बरंय रे बाबा, बुधवारी संध्याकाळी सुटलास की सुटलास." आणि मी पटकन उत्तर दिलं, "पगारही तेवढाच कमी आहे ना ताई." हे उत्तर तुमच्याही तोंडावर येईल, शंभर टक्के येईल. देऊ नका. खोटं आहे म्हणून नाही, बरोबर असून निरुपयोगी आहे म्हणून. माझा कापलेला ४० टक्के पगार काही तिच्या खात्यात जात नव्हता. तिला पगार तोच आणि बिलं जास्त. मी तिला माझी पावती दाखवत होतो, जिच्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

आता तो सापळा. इथे मी लांबण लावणार आहे, कंटाळा आला तरी आकडे वाचा.

आमच्याकडे एका बिलाला सरासरी ६ मिनिटं लागायची, तासाला १०. फुल टाइम माणसाचे आठवड्याला ४० तास, त्यातले ६ तास मीटिंग, मेल, ट्रेनिंग यात जायचे, उरले ३४, म्हणजे ३४० बिलं. माझ्या आधीचा माणूस तेवढी करायचा. मी २४ तासांचा, म्हणजे ६० टक्के, म्हणून मॅनेजरने ३४० च्या ६० टक्के, २०४ बिलं माझ्या नावावर टाकली. कागदावर एकदम न्याय्य. पण मीटिंगा काही ६० टक्के होत नाहीत! सोमवारची मीटिंग मला पण अख्खी बसायला लागायची, मेल पण तितकेच यायचे, उलट गुरुवार-शुक्रवारचे सोमवारी एकदम. माझेही तेच ६ तास जायचे. २४ मधून ६ गेले, उरले १८. म्हणजे १८० बिलं. मला दिलेली २०४, होऊ शकणारी १८०. दर आठवड्याला २४ बिलं मागे, मी चहाला न उठता काम केलं तरी मागेच.

आणि ही झाली छोटी भानगड. मोठी पुढे आहे. ३४० मधून २०४ गेल्यावर उरलेली १३६ कुणाची? मी कधी विचारलंच नाही. मॅनेजरने ती "कॉमन"मध्ये टाकली होती, जो मोकळा असेल त्याने घ्यायची. आता मला सांगा, गुरुवारी आणि शुक्रवारी ऑफिसात मोकळं कोण असणार? जो ऑफिसात आहे तो. म्हणजे ताई. माझी राहिलेली २४ आणि कॉमनची १३६, एकूण १६०, म्हणजे बरोबर १६ तास. ४० मधून २४ वजा केले की जे उरतात तेच १६. कंपनीने जागा छोटी केली, काम तेवढंच ठेवलं, आणि त्या १६ तासांपुढे कुणाचंच नाव लिहिलं नाही. तिला वाटत होतं मी टाळतोय. मला वाटत होतं ती माझ्यावर पाळत ठेवतेय. आम्ही दोघं भांडत होतो अशा कामावरून जे दोघांपैकी कुणाचंच नव्हतं.

इथपर्यंत वाचून "हो माहितीये, बाउंडरी ठेवायच्या" असं म्हणून पुढे जाऊ नका, कारण मी यानंतर जे केलं ते तुम्हीही कराल. मला गिल्ट आलं. मग मी गुरुवारी क्लासवरून आलो की लॅपटॉप उघडून तासभर बिलं काढायचो, शुक्रवारी परत दीड तास, कुणाला न सांगता. अडीच तासात ती २४ निघायची. वाटायचं, चला, आता तरी ती खूश होईल. तिला कळलंच नाही, कारण तिच्या डोक्यावरची १३६ तशीच होती. वर मॅनेजरच्या रिपोर्टमध्ये काय दिसायला लागलं? २४ तासांचा माणूस २०४ बिलं आरामात करतोय, आणि कॉमनची पण वेळेत जातायत. सगळं छान चाललंय! मी घरी बसून फुकट काम करत होतो, ताई रात्री आठपर्यंत थांबत होती, आणि दोघांनी मिळून ते भोक इतकं मस्त बुजवलं होतं की वरून बघणाऱ्याला भोक आहे हे दिसायलाच मार्ग नव्हता.

म्हणून स्पष्ट सांगतो, लपून जास्त काम करणं हा चांगुलपणा नाही. तो चुकीचा आकडा वर पाठवणं आहे. त्याचा त्रास तुमच्याइतकाच शेजारच्यालाही होतो.

(घाबरू नका, हे सगळ्यांकडून होतं. मी काही मूर्ख नव्हतो, तुम्हीही नाही. नवीन असताना नको म्हणायची भीती वाटतेच, त्यात पार्ट टाइम म्हटलं की आपण अर्धेच आहोत असं आपल्यालाच वाटत राहतं.)

त्या काळात मला एक मेंटॉर होता. त्याचा सल्ला, "फुल टाइमवाल्यांची मर्जी सांभाळ, व्हिजिबिलिटी वाढव, सुट्टीच्या दिवशी ग्रुपवर एखादा मेसेज टाकत जा." मी टाकायचो पण. याच्यासारखा वाईट सल्ला मला आयुष्यात मिळाला नाही. सुट्टीच्या दिवशी मेसेज टाकला की लोकांना वाटतं तुम्ही उपलब्ध आहात, मग शुक्रवारी दुपारी फोन येतो आणि नाही उचलला की "आत्ता तर ऑनलाइन होता". माझं मत विचाराल तर ज्याने कधी स्वतः कमी तासांवर काम केलं नाही त्याच्याकडून या विषयावर सल्ला घेऊच नये. आणि ती टाइम ट्रॅकिंगची ॲप्सही नकोत. मी तीन वापरली, तिन्ही भरण्यात वेळ गेला. साधी वही पुरते.

रागाच्या भरात मी कायदे पण शोधले होते, पार्ट टाइमवाल्यांचे हक्क वगैरे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९४ चा १७५ क्रमांकाचा करार आहे, युरोपियन युनियनचा १९९७ चा निर्देश आहे, ब्रिटनचे २००० सालचे नियम आहेत. सगळ्यांचा गाभा एकच, कमी तास म्हणून कमी लेखायचं नाही, जे द्यायचं ते तासांच्या प्रमाणात द्यायचं. २०२३ मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने एका पार्ट टाइम वैमानिकाच्या केसमध्ये म्हटलं की जादा पैसे सुरू व्हायला फुल टाइमइतक्याच तासांची अट लावायची, ती प्रमाणात कमी करायची नाही, हा भेदभाव आहे, तो करायचा तर तसंच ठोस कारण लागेल. वाचून मला जाम आनंद झाला होता. पण ताईशी भांडणात त्याचा उपयोग शून्य. पगार प्रमाणात, रजा प्रमाणात, हे कायदा बघतो. शेजारच्या टेबलवरच्या माणसाच्या अंगावर काय पडलं हे त्यात कुठे येत नाही. हक्क माहीत असावेत, तुमच्या देशात काय लागू आहे ते जरूर बघा, पण ते कंपनीसमोर काढायचे असतात, सहकाऱ्यासमोर नाही.

शेवटी झालं काय, तर माझा एक पेपर राहिला. नापास. ज्यासाठी पार्ट टाइम घेतलं तेच गेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझा चेहरा बघून ताईने विचारलं, आणि मी सगळं बोलून टाकलं, गुरुवारचं-शुक्रवारचं पण. ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "तू घरून करत होतास? मग मी इथे रात्री कशाला मरत होते?" तिने शीट काढली, मागच्या सहा आठवड्यांच्या वेळा बघून आम्ही वहीत दोन रकाने केले, कुठली बिलं ऑफिसच्या वेळेत झाली आणि कुठली वेळेबाहेर. पिवळ्या ओळींचं विचारलं तर म्हणाली, "अरे, तुझ्याकडून दोनदा पेमेंटला जाऊ नये म्हणून रंग दिला होता." सहा महिने मी त्या पिवळ्या रंगाचा अर्थ लावत बसलो होतो.

मी म्हटलं, ताई, सोपं आहे, काही बिलं उशिरा जाऊ दे. ती हसली. "दर आठवड्याला ८० मागे टाकलीस तर महिन्यात ३२० होतील, ती काय वाहून जाणारेत?" बरोबर होतं तिचं. उशीर म्हणजे काम कमी होणं नव्हे, नुसतं पुढे ढकलणं.

मग दोघं मिळून मॅनेजरकडे गेलो. दोघं मिळून, हे महत्त्वाचं. मी एकटा गेलो असतो तर ते पार्ट टाइमवाल्याचं रडगाणं झालं असतं, ती एकटी गेली असती तर चुगली. आम्ही एकमेकांबद्दल एक शब्द बोललो नाही, फक्त विचारलं, हे १६ तास कुणाच्या नावावर लिहायचे? तो आधी "ॲडजस्ट करा ना" म्हणाला. ताई म्हणाली, करतोच आहोत, कुणाच्या नावावर करायचं तेवढं सांगा. बराच वेळ गेला, पण दोन मीटिंगमधून मला सूट मिळाली, म्हणजे २ तास सुटले. दर महिन्याला तीच ती येणारी बिलं, आठवड्याला साठेक, दुसऱ्या टीमकडे गेली, ते ६. उरलेले ८ तास ताईच्या नावावर अधिकृत ओव्हरटाइम म्हणून लिहायला लागले, आणि दोन महिने त्याचे पैसे जायला लागल्यावर तिसऱ्या महिन्यात मॅनेजरला अचानक एक इंटर्न सापडला. आधी बजेट नव्हतं म्हणे.

सगळं गोड झालं असं नाही. महिनाअखेरीला अजून खटके उडायचे, आणि माझ्या नसलेल्या दिवशी एखादं अर्जंट आलं की शिव्या मलाच पडायच्या. पण बुधवारी निघताना मी तीन ओळींची नोट ठेवायला लागलो, काय अर्धवट आहे, काय सोमवारपर्यंत थांबू शकतं, काय थांबू शकत नाही. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. रिकामी असेल तरी "काही नाही" असं लिहा, नाहीतर समोरचा शोधत बसतो.

तर जॉइन व्हायच्या आधी, ऑफर हातात असताना, एक प्रश्न विचारा, या जागेवर आधी किती तासांचा माणूस होता आणि उरलेलं काम आता कोण करतं. "टीम बघून घेईल" असं उत्तर आलं तर सावध व्हा, कारण टीम म्हणजे तुमची शेजारीण. नोकरी सोडा म्हणत नाही, मलाही ती गरजेची होती. नाव मिळेपर्यंत विचारत राहा एवढंच. आणि पहिला महिना वही ठेवा, ६ तास मीटिंगमध्ये जातात की ९, ते तुम्हाला माहीत हवं.

आता मी दुसरीकडे फुल टाइम आहे, आणि मागच्या महिन्यात आमच्याकडे २० तासांवर एक मुलगा आला. दुसऱ्याच आठवड्यात तो दुपारी बॅग उचलून निघाला तेव्हा माझ्या मनात आलं, "चालला हा." खरंच आलं, लाज वाटते सांगायला. त्याच्या मागोमाग मी मॅनेजरला मेल लिहिला, याच्या आधीच्या माणसाचे ४० तास होते, बाकीचे २० कुणाचे? उत्तर आलं, "बघू." आज सोमवार, तोच मेल परत पाठवतोय, या वेळी त्या मुलालाही सीसीमध्ये ठेवून, अर्थात त्याला आधी विचारून.