चर्चची सामाजिक शिकवण घरात कशी आणायची

चर्चमधल्या तरुणांना कॅथलिक चर्चची सामाजिक शिकवण, म्हणजे काम, पगार आणि माणसाची प्रतिष्ठा यांबद्दलची तत्त्वं, शिकवताना मी तत्त्वांची यादी फळ्यावर लिहीत नाही. पुण्यात वानवडीतल्या माझ्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करते.

आधी वही घ्या. धुणीभांडी करणाऱ्या ताईंचं खोलीभाडं, गॅस, मुलांची फी त्यांनाच विचारून लिहा. त्या चार घरी जात असतील तर तासांप्रमाणे आपला वाटा काढा आणि शेजारी आपण देतो तो पगार मांडा. दोघांनी कबूल केला म्हणून पगार न्याय्य ठरत नाही, कष्टकऱ्याचं साधं जगणं त्यात भागलं पाहिजे, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्येच सांगितलंय.

मीसुद्धा खाडे कापायचे. एकदा ताई अंगात ताप असताना आल्या आणि ओल्या हातांनी मोरीच्या कडेला टेकून बसल्या. त्या महिन्यापासून चार सुट्ट्या भरपगारी.

खिडकीत त्यांचा वेगळा कप असेल तर आजच तो आपल्या कपांत मिसळा. मानवी प्रतिष्ठा म्हणतात ती हीच.

सोसायटीने कामाच्या वेळा ठरवायच्या असतील तर आधी कामाला येणाऱ्या बायकांनाच ठरवू द्या. खालच्यांना जे जमतं ते वरच्यांनी हिसकावू नये, हे १९३१ मधलं पोप पायस अकरावे यांचं तत्त्व.

आणि कचरा. ओला-सुका वेगळा कराच, पण सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. ‘स्वच्छ’ या पुण्यातल्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई तो कचरा हाताने वेगळा करतात.