रेघ मारून मग सही करा: ग्रामपंचायतीतली माझी पहिली टर्म

मी 23व्या वर्षी ग्रामपंचायत सदस्य झाले ते काही समाजसेवेच्या ओढीनं नाही. आमच्या वॉर्डातली जागा सर्वसाधारण स्त्रीसाठी राखीव निघाली. घरात 21 वर्षं पूर्ण झालेली, शिकलेली आणि गावातच असलेली मी एकटीच. काका म्हणाले, "तू फक्त फॉर्म भर, बाकीचं आम्ही बघतो."

पहिल्या मासिक सभेला काका बरोबर आले आणि माझ्या खुर्चीत बसलेसुद्धा. भाऊसाहेबांनी प्रोसिडिंग, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, पुढं सरकवलं. (ग्रामसेवकाला आमच्याकडं सगळे भाऊसाहेबच म्हणतात. 2024 मध्ये पदाचं नाव 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं, हाक तीच राहिली.) "ताई, इथं." उपस्थित सदस्यांच्या यादीत मी सही केली. खालचं पान कोरं होतं. दीड महिन्यानं तेच पान पुन्हा पाहिलं तर त्यावर एका गटाराच्या कामाचा ठराव, सूचक म्हणून माझं नाव आणि शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. ते गटार आधीच बांधून झालं होतं. तक्रार झाली, चौकशी लागली, मलाही बोलावणं आलं. "मला माहीत नव्हतं" हे वाक्य अधिकाऱ्यापुढं म्हणून बघा, किती केविलवाणं वाटतं ते कळेल.

म्हणून नव्यानं निवडून आलेल्या मुलामुलींना मी भाषणाचं काही शिकवत नाही, आधी सही कशी करायची ते सांगते. पुढच्या सभेपासून मी एकच धरून बसले: ठराव सभेतच लिहायचे, शेवटच्या ठरावाखाली आडवी रेघ मारायची आणि रेघेखाली सही. पहिल्यांदा सगळे हसले. अण्णा, म्हणजे आमचे सरपंच, म्हणाले, "पोरगी वकील होणार वाटतं." हसू द्यावं. विरोध असेल तर तोही नावानिशी लिहून घ्यावा. तोंडी केलेला विरोध चौकशीत कुणाला आठवत नाही.

दुसरं काम नमुने, म्हणजे ठरलेल्या साच्यातल्या नोंदी, वाचायचं. ग्रामपंचायतीचं दप्तर नमुना 1 ते 33 असं असतं. सगळे पाठ करायची गरज नाही. नमुना 5 म्हणजे रोकडवही, 8 म्हणजे कर आकारणी, 9 म्हणजे कर मागणी. एवढे तीन नीट वाचता आले तरी गाव अर्धं कळतं. आमच्या नमुना 9 मध्ये थकबाकीदारांत वरची नावं कोणाची होती ते मी इथं लिहीत नाही, पण त्यानंतर घरपट्टीवर मोठ्यानं बोलणारे जरा हळू बोलू लागले. आणि हो, लोक 'आठ अ' मागायला तुमच्याकडं येतील. तो जमिनीचा खातेउतारा, महसूलचा, तलाठ्याकडचा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 घराचा. पहिले सहा महिने मीच दोन्हींत घोळ घालत होते.

पैशाचं गणित प्रचाराआधी कळायला हवं होतं. मी तरुणांना व्यायामशाळेचा शब्द देऊन बसले होते. निवडून आल्यावर समजलं की पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या निधीत 60 टक्के रक्कम बंधित, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेल्या 40 टक्क्यांवर आधीच सगळ्या वॉर्डांचे डोळे. शिवाय काम गावाच्या विकास आराखड्यात नसेल तर विषयच संपला. व्यायामशाळा झाली नाही. ती पोरं अजून टोमणे मारतात, ते बरोबरच आहे.

झालं ते वेगळंच. स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, हे मला एका जुन्या लेखापरीक्षणातल्या आक्षेपावरून कळलं. आमच्याकडं हा खर्च बहुधा मार्चअखेरीस सतरंज्यांवर दाखवला जाई. मी तो विषय महिला सभेत नेला. ही सभा ग्रामसभेआधी घ्यावी लागते. आमच्याकडं ती वहीतच व्हायची, सह्या घरोघर फिरून. पहिल्यांदा खरोखर भरली तेव्हा 19 बायका आल्या आणि त्यांनी शाळेतल्या मुलींच्या शौचालयाला पाणी मागितलं. टाकी आणि पाइप, एवढंच काम. ते झालं.

ग्रामसभेला गर्दी नसते म्हणून खचू नका. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतली कमी असेल ती संख्या. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. महत्त्वाचे ठराव बऱ्याचदा तिथंच उरकतात, तेव्हा तहकूब सभा चुकवू नये.

पद जायला फार काही करावं लागत नाही. निकालानंतर 30 दिवसांत निवडणूक खर्च सादर करा, हरलेल्यांनीसुद्धा. घरपट्टी थकवू नका. घरच्यांचं सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर आधी ते बघा.

पोटापाण्याचं मात्र स्पष्ट सांगते. सदस्याला मिळतो तो बैठकीचा भत्ता, तोही वेळेवर नाही. मी टर्मभर शिकवण्या घेतल्या. लोक उदाहरणं देतात: देवेंद्र फडणवीस 27व्या वर्षी नागपूरचे महापौर झाले, विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. मला आर. आर. पाटलांची सुरुवात जास्त उपयोगी वाटते. ते 1979 मध्ये जिल्हा परिषदेत गेले आणि आमदार झाले 1990 मध्ये. मधली अकरा वर्षं कुणी सांगत नाही. काम तिथंच शिकले असणार, असं आपलं मला वाटतं.

काका आता सभेला येत नाहीत. मागच्या निवडणुकीत माझी जागा आरक्षणात बदलली, मी उभी राहिले नाही. नव्या सदस्याला, 22 वर्षांच्या मुलाला, पहिल्या सभेच्या आदल्या संध्याकाळी मी एक फूटपट्टी दिली. त्याला वाटलं, मी चेष्टा करतेय.