वाढत्या वयातल्या फुटबॉलपटूंचा सराव कसा घ्यावा

सराव आखण्याआधी मोजपट्टी काढा. बारा वर्षांच्या दोन मुलांत एकाची उंची दुसऱ्याच्या खांद्याला लागते, तेव्हा नुसत्या जन्मतारखेवर गट पाडून भागत नाही. दर तीन महिन्यांनी, अनवाणी, टाचा भिंतीला लावून उंची घ्या. वेळ सकाळचीच ठेवा, कारण संध्याकाळपर्यंत उंची साधारण सेंटीमीटरभर कमी भरते. एरवी वर्षाला ५-६ सेंटिमीटर वाढणारं मूल तीन महिन्यांत दोनच्या वर गेलं, की वाढीचा झपाटा सुरू झाला असं धरा. मुलींत तो साधारण १२व्या आणि मुलांत १४व्या वर्षाच्या आसपास सर्वांत जोरात असतो.

या काळात कालपर्यंत चेंडू अलगद थांबवणारा मुलगा अडखळायला लागतो. त्याला आळशी म्हणू नका, हातपाय लांबले आहेत आणि अंदाज अजून जुनाच आहे. गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर किंवा टाचेच्या मागे दुखणं हेही याच वयातलं. स्नायूंची ओढ अजून कच्च्या असलेल्या हाडावर पडते. दुखत असेल तर उड्या, स्प्रिंट आणि लांब किक कमी करा, पासिंग चालू ठेवा. मूल लंगडत असेल तर सराव बंद करून डॉक्टरांना दाखवा.

१० ते १३ वयोगटासाठी ७० मिनिटांचं सत्र पुरतं.

वॉर्मअप, १५ मिनिटं. जागेवर उभं राहून स्नायू ताणत बसू नका. हलकं धावणं, दिशा बदलणं, मग एका पायावर ३० सेकंद उभं राहून जोडीदाराशी हाताने चेंडूची फेकाफेक. प्रत्येक पायावर दोनदा. त्यानंतर दोन्ही पायांनी उडी मारून उतरणं, सहा-सहा उड्यांच्या दोन फेऱ्या. इथे प्रशिक्षकाने समोर उभं राहून फक्त गुडघे पाहायचे. उतरताना ते आत वळून एकमेकांकडे येत असतील तर थांबवा. गुडघा पावलाच्या रेषेतच राहायला हवा. कानही उघडे ठेवा. धप्पकन आवाज आला म्हणजे पाय ताठ आहेत. ‘आवाज न करता उतर’ एवढं सांगितलं तरी बरीच मुलं आपोआप गुडघे वाकवतात. फिफाचा ‘११ प्लस’ वॉर्मअपही तोल, ताकद आणि उतरण्याची पद्धत यांवरच भर देतो. तो १४ वर्षांपुढच्यांसाठी आहे, लहानांसाठी त्याचा वेगळा प्रकार आहे.

वेग, १० मिनिटं. १५ मीटरच्या सहा धावा, प्रत्येकीनंतर मिनिटभर विश्रांती. विश्रांती कापली की वेगाचा सराव दमाचा होतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या तर नकोतच.

चौकोन, २० मिनिटं. आठ बाय आठ मीटर, चौघं कडेला, दोघं आत चेंडू हिसकावायला. खरं काम पायांचं नाही, मानेचं आहे. चेंडू यायच्या आधी खांद्यावरून मागे पाहायची सवय लावायची. त्यासाठी खेळाडूच्या मागे उभं राहून बोटं दाखवा. चेंडू पायाशी येण्यापूर्वी त्याने आकडा सांगायचा. चेंडू दोन-तीन पासांतच जात असेल तर चौकोन दोन मीटरने वाढवा. सलग दहा पास सहज होत असतील तर प्रत्येकाने चेंडूला दोनदाच पाय लावून पुढे द्यायचा, अशी अट घाला.

सामना, २५ मिनिटं. ३० बाय २० मीटरमध्ये चार विरुद्ध चार, चार-चार मिनिटांचे चार डाव. कडेवरून ‘पास दे, पास दे’ ओरडलात तर निर्णय तुम्ही घेतलात, मूल फक्त हुकूम पाळतं. डाव संपल्यावर एकच विचारा: ‘तिथे तुला काय दिसलं?’ आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. हेच सगळ्यांत अवघड जातं.

चूक झाल्यावर मान खाली घालणाऱ्यांना एक ठरलेली कृती द्या: लांब श्वास सोडायचा, मोजे वर ओढायचे, जवळचा प्रतिस्पर्धी गाठायचा. ती दडपणातच मुरते, म्हणून शेवटचा डाव एखाद्या संघाला मुद्दाम एका गोलने मागे ठेवून सुरू करा. पेनल्टीचा सराव मुलं दमल्यावर घ्या. मध्यरेषेपासून एकट्याने चालत जायचं, गोलचा कोणता कोपरा साधायचा ते वाटेतच ठरवायचं, शिट्टीनंतर एक श्वास घेऊन मगच धावायचं. शिट्टीसरशी घाईने धावणाऱ्याची पेनल्टी हुकण्याची शक्यता जास्त असते.

आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याच्या आत ठेवा, एक दिवस पूर्ण सुट्टीचा. १२ वर्षांपर्यंत ९ ते १२ तास झोप हवी, पुढे ८ ते १०. चेंडू १२ वर्षांपर्यंत ४ नंबरचा, नंतर ५ नंबरचा. लहानांना हेडिंगची, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याची घाई नको. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २०२० मध्येच प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून ते काढायला सांगितलं.